गोठ्यातून आलेली गोष्ट

चि. सोनूस,


तुमच्या दिल्लीच्या कॉलेजात ‘संगोष्ठी’, म्हणजे चर्चासभा, आहे, आणि तिचं आपल्या ‘गोष्टी’शी काही नातं असतं का, असं तू परवा फोनवर विचारलंस. नातं आहे, आणि चांगलं सख्खं आहे, एवढं मी सांगते आहे तोवर तुझी मेट्रो आली. म्हणून आज पहाटे उठून, चूळ भरून, चहा घेऊन हे लिहायला बसले. लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजू मी कापून ठेवते हे तुला ठाऊकच आहे, तेव्हा कागदाची चिंता नाही, आणि वेळ तर पहाटे उठणाऱ्याकडे असतोच. तूही हे सवडीने वाच हो, जिने चढता-उतरता नको.

मूळ शब्द ‘गोष्ठ’. त्यातला ‘गो’ म्हणजे गाय, आणि पुढचा अर्धा भाग ‘स्था’ धातूचा, म्हणजे थांबणं, उभं राहणं. गायी जिथे येऊन थांबतात ती जागा म्हणजे गोष्ठ. हाच शब्द लोकांच्या तोंडी रुळत, मऊ होत आपल्याकडे ‘गोठा’ झाला. कोकणात गावची गुरं दुपारची ज्या सावलीच्या सपाटीवर विसावतात तिला ‘गोठण’ म्हणतात, आणि राजापूर तालुक्यात गोठणे दोनिवडे नावाचं गावच आहे.

पाणिनीने या शब्दासाठी एक सूत्र खर्ची घातलं आहे, आणि वर्गात शिकवताना मी तिथे नेहमी जरा रेंगाळत असे. जिथे पूर्वी गोठा होता आणि आता नाही, अशा जागेला ‘गौष्ठीन’ म्हणावं, असं तो सांगतो. बघ बाळ, गुरं गेली, दावी गेली, खुंटे उपटले, तरी इथे कधीकाळी गायी थांबत होत्या ही आठवण ठेवायला त्या लोकांजवळ शब्द होता! पुढे पाणिनीच्या सूत्रांना पुरवण्या जोडणाऱ्या वार्तिककारांच्या काळापर्यंत ‘गोष्ठ’मधली गाय लोक विसरूनही गेले, म्हणून म्हशींच्या जागेला ‘महिषीगोष्ठ’ आणि गायींच्या जागेला चक्क ‘गोगोष्ठ’ म्हणू लागले. आपणही ‘गायींचा गोठा’ म्हणतोच ना, तसंच.

आता गोठ्यातून माणसांकडे येऊ. गुरं थांबली की त्यांना राखणारी माणसंही थांबणार, आणि थांबलेली माणसं बोलल्याशिवाय कशी राहतील? ‘गोष्ठ’वरून ‘गोष्ठी’ झाली, आणि तिचा अर्थ झाला माणसांचा मेळावा. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत, त्यांत एकेकट्या माणसांबरोबर विदिशेची एक ‘गोठी’ही आहे. दोन हजार वर्षांपूर्वी काही मंडळी एकत्र जमली, पैसा पैसा साठवला आणि दगडात आपलं नाव न घालता मंडळाचं घातलं, हे मला फार आवडतं. काटकसर अशी असावी, चारचौघांच्या कामी येणारी.

वात्स्यायनाने शहरी रसिकाचा दिनक्रम सांगताना गोष्ठीचं वर्णन केलंय. विद्या, बुद्धी आणि वय यांत सारखी असलेली माणसं जमतात, काव्याची आणि कलांची चर्चा करतात. तिथे बोलावं कसं, तेही तो शिकवतो. फार संस्कृतात बोलू नये आणि अगदी देशी भाषेतही बोलू नये, गोष्ठीत अशा रीतीने कथा सांगणारा लोकांना प्रिय होतो. तुझ्या संगोष्ठीत तुला बोलायचं आहे ना, मग हे नीट लक्षात ठेव. आणि आणखी एक पाहा, इथे ‘कथा’ आणि ‘गोष्ठी’ शेजारी शेजारी बसल्या आहेत, पण अजून वेगळ्या आहेत. गोष्ठी म्हणजे जमलेली माणसं, आणि कथा म्हणजे ती सांगतात ते.

आपल्या मराठीने या दोघी एक करून टाकल्या. 1290 सालच्या ज्ञानेश्वरीत ‘गोठी’ भेटते ती बोलणं, हकिगत या अर्थाने; जमलेली माणसं अर्थातून हळूच उठून गेली आणि त्यांचं बोलणं तेवढं मागे राहिलं. हिंदीत गोष्ठी सभाच राहिली, बंगालीत ती समूह आणि कुळ झाली, आणि गुरू नानकांचा योग्यांशी झालेला संवाद गुरू ग्रंथसाहिबात ‘सिध गोसटि’ नावाने आहे. आपल्याकडे मात्र आजीने सांगायची ती गोष्ट, आणि ‘ही गोष्ट वेगळी’ म्हणताना हाताशी येते तीही गोष्टच.

शब्दाचं एवढं झालं, आता तुझ्याविषयी. तुझ्या चांगुलपणाची मला काळजी नाही ग. तू कुणाला टाकून बोलणार नाहीस, घेतलेलं परत केल्याशिवाय राहणार नाहीस, हे मी डोळे मिटून सांगेन. धास्ती वाटते ती घाईची. तुम्ही मैत्रिणी फोनवर दिवसभर एकमेकींच्या सोबत असता, एकीचं बोलणं पुरं व्हायच्या आत दुसरीचं उत्तर येतं, आणि तरी रात्री तू मला म्हणतेस की कुणाशी धड बोलणंच झालं नाही. मला वाटतं, ‘गोष्ठ’ शब्दातला ‘गो’ गेला तरी चालतं, ‘स्था’ जाऊन चालत नाही. थांबल्यावाचून गोष्ट होत नाही.

माझ्या माहेरी आई पहाटे धार काढायला बसे. आधी वासरू सोडायचं, त्याने दोन ढुशा द्यायच्या, गायीच्या अंगावरून हात फिरवायचा, मग ती पान्हा सोडणार. आम्हाला शाळेला उशीर होतोय म्हणून ती काही लवकर पान्हवत नसे. उलट कुणी धसमुसळेपणा केला तर दूध चोरून धरायची. आई म्हणायची, बसा जरा. आणि त्या बसण्यात, चरवीत पडणाऱ्या धारेच्या आवाजात, तिने आम्हाला कितीतरी गोष्टी सांगितल्या.

‘गोत’ हा शब्दही या ‘गो’च्याच घरातला. ‘गोत्र’ म्हणजे आधी गायींचं कोंडाळं, मग कूळ, मग आपलं गणगोत. पण शिवकाळातल्या गोतसभेबद्दल वाचलंस तर दिसेल की तिथलं गोत रक्ताच्या नात्याहून मोठं होतं. वतनाचा तंटा आला की देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी आणि बलुतेदार एकत्र बसत. दोन्ही पक्ष आधी ‘राजीनामा’ लिहून देत. म्हणजे आज आपण समजतो तो नव्हे, तर सभेचा निवाडा मान्य करण्याला राजी असल्याचा कागद. मग साक्षी, पुरावे, वादविवाद, आणि शेवटी महजर, म्हणजे निवाड्याचा कागद. त्यावर ज्याची त्याची निशाणी, पाटलाचा नांगर, आणि कारागिरांची आपापली अवजारं. हरलेला ‘यजितखत’ लिहून हार कबूल करी. सगळेच निवाडे न्याय्य झाले असं मी म्हणणार नाही. बायकांना आणि दुबळ्यांना तिथे किती बोलता येत असेल, हा प्रश्न मला सुटत नाही. पण निकालाच्या आधी सगळ्यांनी एका जागी बसून सगळ्यांचं ऐकायचं, ही शिस्त मात्र घेण्यासारखी आहे.

आणि हो, आनंद यादवांची ‘गोतावळा’ ही 1971 ची कादंबरी तू वाचलेली नाहीस, असं तुझी आई म्हणाली. त्यातल्या शेतगड्याला, नारबाला, स्वतःचं घरदार नाही; मळ्यातली जनावरंच त्याचा गोतावळा, आणि मग मळ्यावर ट्रॅक्टर येतो. पुढचं मी सांगत नाही. विकत घ्यायची घाई करू नकोस, तिथल्या महाराष्ट्र मंडळात कुणाकडे तरी असेल, विचारून बघ. नाहीतर दिवाळीला येशील तेव्हा माझ्या कपाटातली प्रत ने; पानं सुटी झाली आहेत, ती मी तोवर शिवून ठेवते. पहाटे लवकर उठत जा, आणि दूध न विसरता पी.

तुझी,
आजी