शरपुंखेची परीक्षा

आवडी हे नाव मराठी कानाला प्रेमाचे वाटते. इथले काहीजण सांगतात, ते चिलखती वाहनांच्या डेपोच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून जुळवलेले आहे. पण रणगाड्यांचा कारखाना साठच्या दशकातला, आणि काँग्रेसचे आवडी अधिवेशन भरले जानेवारी १९५५ मध्ये. नावावरून वस्तू ओळखायला गेले की असे फसायला होते.

म्हणून रुळांच्या कडेला वाढणारे गुडघाभर उंचीचे ते झुडूप मी लक्षणांवरून ओळखायचे ठरवले. फूल जांभळट गुलाबी, वाटाण्याच्या फुलासारखे: वर ध्वज, बाजूंना दोन पंख, खाली होडीचा तळ. म्हणजे कूळ शेंगांचे. पान संयुक्त, पर्णिका समोरासमोर आणि टोकाला एकटी एक. इथपर्यंत रानटी निळीचाही संशय राहतो. तो फिटतो एकाच परीक्षेने: पर्णिका दोन्ही टोकांना धरून ओढायची. शिरा तिरप्या, एकमेकींना समांतर असल्याने ती सरळ फाटत नाही. बाणाच्या पिसाऱ्यासारखी खाच पडते. शर म्हणजे बाण, पुंख म्हणजे त्याचा पिसारा. शरपुंखा!

मराठीत हिला उन्हाळी म्हणतात. तमिळ शेतकऱ्याची ही कोळिंजी, भाताच्या खाचरात हिरवळीचे खत म्हणून गाडायची. वैद्यांनी प्लीहेचा शत्रू म्हणून प्लीहारि म्हटले. लिनियसने १७५३ मध्ये क्राका पर्प्युरिया लिहिले. पुढे ती टेफ्रोशिया झाली, राखेच्या रंगावरून. अमेरिकेच्या गवताळ मैदानांतही या प्रजातीची एक बहीण आहे. यातली बरीच नावे आपली गरज सांगतात. शरपुंखा मात्र झाडाच्या अंगचे काहीतरी सांगते, आणि नेमके तेच कळायला पान फाडावे लागते.

मग ओळखणे निरपराध आहे का?

शेळी अख्खे झुडूप ओरबाडते, तिथे एका पर्णिकेचा हिशेब कशाला, असे कोणी म्हणेल. पण शेळीला भूक असते. शेतकरी झाड गाडतो आणि जमिनीला नत्र मिळते. मी फाडतो ते केवळ माझी खात्री पटावी म्हणून, आणि त्यातून झाडाला काहीच मिळत नाही. ओळख पटली की जपणूक होते, हा युक्तिवादही मला अर्धाच पटतो. अनोळखी झुडूप तण म्हणून कापले जाते हे खरे, पण औषधी म्हणून ओळखलेले मुळासकट उपटले जाते.

गळून वाळलेल्या पानावर ही परीक्षा होत नाही, ते चुरते. हिरवेच लागते. म्हणून एका झुडपाची एक पर्णिका फाडतो आणि आसपासची त्याच्या साक्षीवर मान्य करतो. हिचीच दाट लव असलेली, वाकड्या शेंगांची दुसरी जात मिसळली असेल, तर ती पान फाडून कळणार नाही. त्यासाठी शेंगा धरेपर्यंत थांबावे लागते. तोवर रुळांकडेला कोयता फिरला नाही म्हणजे झाले.