मारका बैल

शास्त्रभाग : निर्गम, अध्याय २१, वचने २८ व २९.

परमेश्वराने मोशेच्या द्वारे इस्राएल लोकांस जे नियम लावून दिले, त्यांत मारक्या बैलाविषयी एक नियम आहे. बैलाने कोणास शिंग मारून ठार केले, तर त्या बैलास जिवे मारावे. परंतु धन्याकडे दोष नाही. मात्र त्या बैलास पूर्वीपासून मारण्याची खोड असेल, ती धन्यास कळविलेली असेल, आणि तरीही धन्याने त्यास बांधून ठेवले नसेल, तर गेलेल्या जिवाचा दोष धन्याच्या माथी येतो.

ह्या धन्याने केले तरी काय? त्याने कोणावर हात उगारला नाही, बैलास कोणावर सोडलेही नाही. कदाचित तो त्या वेळी घरात निजलेला असेल. त्याचा अपराध एवढाच की, त्यास ठाऊक होते व त्याने दावे बांधले नाही.

आता काळेवाडीकडे पाहा. पवनेच्या काठचे हे एके काळचे शेतकऱ्यांचे गाव. नदीपलीकडे पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला. त्यामागून आणखी कारखाने आले, वस्ती वाढली, १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली, आणि आज कारखान्यांची रांग चाकणपर्यंत पोहोचली आहे. नगर, सोलापूर, मराठवाडा येथील खेड्यांतून माणसे पोटापाण्यासाठी येथे आली. हे पत्र वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांची मुले, भाऊ व जावई त्यांत आहेत. गावी ज्या अंगणात बैलांची दावण होती, त्या अंगणाच्या ठिकाणी येथे दुचाकी उभी असते. ती कामावर नेते, नाताळास गावी आणते. ती देवाने दिलेली सोय आहे, ह्यात संशय नाही. पण प्यालेल्या मनुष्याच्या हाती तिची किल्ली गेली की, तोच बैल मारका होतो.

दारू मनुष्याचे पाय लटपटविण्यापूर्वी त्याचा विवेक हिरावून घेते. म्हणून आपण गाडी चालविण्यास लायक नाही, ही गोष्ट सर्वांच्या ध्यानी येते. ज्याच्या ध्यानी यावी त्याच्या मात्र येत नाही. लिंबू चोखल्याने, कॉफी प्याल्याने किंवा डोक्यावर गार पाणी ओतल्याने रक्तातील दारू उतरत नाही. ती तास लोटतील तशी हळूहळू उतरते. तेव्हा त्या घटकेस मारका बैल ओळखणारा धनी तो स्वतः नव्हे. जे शुद्धीवर आहेत ते, म्हणजे आपण.

देशाचा कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८, ह्याच्या कलम १८५ प्रमाणे शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्य आढळल्यास पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. हे पुष्कळांस ठाऊक आहे. पण कलम १८८ फार थोड्यांस ठाऊक असेल. अशा अपराधास जो साह्य किंवा प्रोत्साहन देईल, त्यासही तीच शिक्षा सांगितली आहे. आणि २०१९ च्या दुरुस्तीने असे ठरले की, अल्पवयी मुलाने वाहन चालवून अपराध केल्यास त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरावा, आणि त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड असावा. आपणांस काही ठाऊक नव्हते, किंवा आपण योग्य ती सर्व खबरदारी घेतली होती, हे मालकाने सिद्ध केले तरच तो सुटतो. मोशेच्या नियमातील बैलाचा धनी आपणांस येथे पुन्हा भेटतो.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर येथे एका भरधाव मोटारीने दुचाकीवरील दोघा तरुण अभियंत्यांस उडविले, आणि दोघांचाही अंत झाला. मोटार चालविणारा मुलगा सतरा वर्षांचा होता व तो मद्य प्यालेला होता, असा पोलिसांचा आरोप आहे. त्यास प्रथम जामीन मिळाला, त्यात तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची एक अट होती, आणि ते ऐकून सर्व देशात क्षोभ उसळला. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांस अटक झाली. खटल्याचा निवाडा करणे हे न्यायासनाचे काम आहे, आमचे नव्हे. परंतु अशी बातमी वाचून आपण परक्यावर रागावतो व आपल्या अंगणाकडे पाहत नाही, हे बरे नव्हे. कोणतीही गाडी अशी रस्त्यावर येते, त्यापूर्वी किल्ली देणारे, पेला भरणारे व फाटक उघडणारे किती हात असतात, ह्याचा विचार करा.

आम्हांसही येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. एकदा एका हळदीच्या रात्री आपल्यांतील एक बंधू झोकांड्या खात मोटारसायकलीकडे जात असता आम्ही पाहिला. भर मांडवात त्याचा अपमान नको, यजमानांस वाईट वाटेल, असे मनात आणून आम्ही त्याचे शिरस्त्राण उचलून त्याच्या हाती दिले व म्हणालो, "सावकाश जा, भाऊ." तो त्या रात्री सुखरूप घरी पोहोचला. ती देवाची दया होती. आमचे त्यात काहीच नव्हते. "सावकाश जा" हे शब्द आम्ही प्रेमाचे समजत होतो. वस्तुतः बैलाचे दावे आमच्याच हाताने सुटले होते. काइनाने देवास जो उलट प्रश्न केला, की मी काय भावाचा राखणदार आहे, तोच आम्ही त्या रात्री गोड शब्दांत केला.

कोणी म्हणेल, हे काम सरकारचे आहे. सरकारचे आहेच. चंदीगडचे हरमन सिंग सिधू १९९६ साली मोटार अपघातात अपंग होऊन चाकांच्या खुर्चीस खिळले. त्या खुर्चीतून त्यांनी महामार्गांलगतच्या दारूदुकानांविरुद्ध न्यायालयाचे दार ठोठावले. त्यांच्या व इतरांच्या खटपटीने सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरांच्या आत दारूविक्री नसावी, असा निर्णय दिला. परंतु २०१७ च्या जुलैत खुलासा झाला की, नगरपालिकांच्या हद्दींतील परवानाधारक दुकानांस तो निर्बंध लागू नाही. काळेवाडी महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. तसेच, एकूण मतदार स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी मतपत्रिकेवरील आडव्या बाटलीस मत दिल्यास दुकान बंद होते, अशी सोय महाराष्ट्रात आहे. ज्या भगिनींनी ती उपयोगात आणली, त्या धन्य होत. तथापि गावातले दुकान बंद झाले म्हणून पिणारा शेजारच्या गावी गाडीने गेला, तर परतीचा रस्ता अधिकच लांब झाला. सारांश, कायद्याचे कुंपण कोठे ना कोठे अपुरे पडते. तेथे मंडळीने उभे राहिले पाहिजे.

म्हणून आमची विनंती आहे की, प्रत्येक मंडळीने पुढील गोष्टी ठरवाव्या. लग्न, हळद व बारसे ह्या प्रसंगी मांडवाच्या दाराशी दोन निर्व्यसनी बंधू नेमावे, आणि जो प्याला असेल त्याची किल्ली त्यांनी नम्रपणे पण निश्चयाने मागून घ्यावी. मागणाऱ्यास यजमानाने पाठबळ द्यावे. नाही तर त्याचा धीर सुटेल. घरात एक चटई व पांघरूण ह्या पाहुण्यासाठी राखून ठेवावे. दूर जावयाचे असेल तर रिक्षा बोलावून भाडे मंडळीच्या निधीतून द्यावे. चांगल्या शोमरोन्याने जखमी मनुष्यास आपल्या जनावरावर बसविले, उतारशाळेत नेले व खर्चही आपणच दिला, हे लूकच्या दहाव्या अध्यायात आपण वाचतो. रिक्षाचे भाडे हे त्याच दानाच्या जातीचे आहे. आणि ३१ डिसेंबरच्या रात्री, जेव्हा पोलीस चौकाचौकांत नाकाबंदी करून उभे असतात, तेव्हा उपासना आटोपल्याबरोबर दिवे मालवून निघून जाऊ नये. वस्तीतील तरुणांसाठी मंदिराचे दार व दुधाची किटली पहाटेपर्यंत तयार असावी.

दुसऱ्या दिवशीचे कर्तव्य याहून कठीण आहे. किल्ली परत देताना टोमणा मारू नये. ज्यास पुन्हा पुन्हा पिण्यावाचून राहवत नाही, तो आजारी आहे असे समजून त्यास हात द्यावा. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट ह्यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' सुरू केले, ते अशांसाठीच. तेथवर त्याच्याबरोबर जाणारा सोबती मंडळीतून मिळावा.

किल्ली मागितल्याने कदाचित शिवी मिळेल, मैत्री तुटेल. पण ज्याची किल्ली आपण घेतली तो रागावलेला का होईना, सकाळी जिवंत उठेल. आणि त्या रस्त्याने पहिल्या पाळीस निघालेला कोणी अनोळखी मनुष्य संध्याकाळी आपल्या लेकरांकडे परत येईल. त्यास आपले नाव कधी कळणार नाही. देवास कळेल.

त्याने आपणांस भावाचा राखणदार होण्यास धीर द्यावा, हीच आमची प्रार्थना. आमेन.