चेस्टर ओरडला नाही म्हणून

2000 नंतरच्या दशकात ज्यांची कॉलेजची वर्षं पुण्या-नाशिकच्या होस्टेलांत गेली, त्यांना लिंकिन पार्क हा अमेरिकन रॉक बँड मुद्दाम शोधावा लागला नाही. शेजारच्या खोलीतल्या स्पीकरमधून तो कानावर आदळायचाच. मराठी माध्यमातून आलेल्या आमच्यासारख्यांना निम्मे शब्द कळत नसत, पण बँडचा गायक चेस्टर बेनिंग्टन जीव तोडून ओरडायचा ते थेट पोचायचं. ‘हायब्रिड थिअरी’ (2000) आणि ‘मिटिओरा’ (2003) या अल्बमांत माइक शिनोडाचं रॅप, ब्रॅड डेल्सनच्या गिटारचे जड रिफ आणि त्यांच्यावर चढत जाणारा चेस्टरचा फाटका सूर, असं रसायन जमून गेलं होतं. घरात कुणापुढे काढता न येणारा राग त्या आवाजात होता.

मे 2017 मध्ये याच बँडचा ‘वन मोअर लाइट’ आला. 10 गाणी, सगळी मिळून जेमतेम 35 मिनिटं, आणि चेस्टरचं ते ओरडणं कुठेच नाही. गिटार मागे सरकली, सिंथेसायझर आणि मशीनवर बांधलेले ताल पुढे आले. आधी सिंगल म्हणून आलेलं ‘हेवी’ हे गाणं ज्युलिया मायकल्स आणि जस्टिन ट्रँटर या पॉपमधल्या नावाजलेल्या गीतकारांबरोबर लिहिलेलं होतं. अल्बम अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला, तरी बऱ्याच समीक्षकांनी तो झोडपला. चाहत्यांत सरळ दोन तट पडले. काहींना तो मनापासून आवडला. बाकीच्यांचं म्हणणं एकच: हे विकले गेले.

बँडनं वाट बदलण्याची ही पहिली वेळ नव्हती. 2007 च्या ‘मिनिट्स टू मिडनाइट’मध्ये निर्माता रिक रुबिनला सोबत घेऊन त्यांनी स्वतःचा साचा मोडला होताच. 2010 चा ‘अ थाउजंड सन्स’ तर त्याहून पुढे गेला. अणुयुद्धाच्या भीतीवर बेतलेल्या त्या अल्बममध्ये अणुबॉम्ब घडवणाऱ्या रॉबर्ट ओपनहायमर यांचा ध्वनिमुद्रित आवाज आहे, आणि त्याचं नाव गीतेच्या 11 व्या अध्यायातल्या सहस्र सूर्यांच्या श्लोकापर्यंत जातं. तेव्हाही अनेकांनी हे रॉक नाही म्हणून पाठ फिरवली. आज त्यालाच बँडचं सगळ्यात धाडसी काम म्हणणारे पुष्कळ भेटतात. ‘वन मोअर लाइट’च्या वाट्याला ते आलं नाही. मला वाटतं, श्रोता अवघडपणा माफ करतो, सोपेपणा करत नाही. गाणं डोक्यावरून गेलं, तर कलावंत काहीतरी शोधतोय असं आपण समजून घेतो. ते पहिल्याच ऐकण्यात गुणगुणता आलं की यामागे पैसा असणार, अशी शंका येते.

इथे दोन तक्रारी एकमेकींत मिसळून गेल्या आहेत, आणि त्या वेगळ्या केल्याच पाहिजेत. गाणी कमजोर आहेत, ही पहिली. तिच्यात तथ्य आहे. ‘बॅटल सिम्फनी’त कापून चिकटवलेले आवाजाचे तुकडे त्या काळच्या कुठल्याही पॉप गाण्यात बसले असते. हे बोलण्याचा श्रोत्याला पूर्ण अधिकार आहे, त्यासाठी त्याला वाद्य वाजवता येण्याची गरज नाही. दुसरी तक्रार गाण्याची नाहीच, माणसांच्या मनाची आहे: यांनी हे पैशासाठी केलं. ही गोष्ट रेकॉर्डवर ऐकूच येत नाही. बाहेरचा गीतकार, हलका ताल, रेडिओवर बसेल एवढी लांबी, यांतलं काहीही हेतूचा पुरावा होत नाही. शीर्षकगीत लिहिलं गेलं ते रेकॉर्ड कंपनीतली त्यांची एक सहकारी कॅन्सरनं गेली तिच्या आठवणीत. माइकनं ते एग व्हाइट या बाहेरच्याच गीतकाराबरोबर लिहिलं, म्हणून त्यातलं दुःख उसनं ठरत नाही.

मग ओरडणं म्हणजे खरेपणा आणि हळू गाणं म्हणजे तडजोड, हे समीकरण आलं कुठून? ते आपल्या सतरा-अठराव्या वर्षातून आलं. ‘हायब्रिड थिअरी’ आला तेव्हा चेस्टर 24 वर्षांचा होता, ‘वन मोअर लाइट’च्या वेळी 41 चा. लहानपणी झालेले अत्याचार, मग लागलेली व्यसनं, हे त्यानं स्वतः जगासमोर सांगितलेलं आहे. तेच दुःख त्यानं त्याच पट्टीत, रात्रीमागून रात्र, आमच्या आठवणींसाठी ओरडून सांगत राहावं, ही मागणी प्रेमातून आली तरी क्रूर आहे. त्या उन्हाळ्यातल्या कार्यक्रमांत तो ‘क्रॉलिंग’ हे जुनं गाणं नुसत्या पियानोवर, संथ लयीत गायचा. तेच शब्द आणि तीच वेदना ओरडण्यावाचून उभी राहत होती. पैशाच्या आरोपावर तो मुलाखतींत भयंकर चिडला, नको तितकं कडक बोलला. त्याच्या जागी असतं तर कोण शांत राहिलं असतं?

20 जुलै 2017 ला चेस्टरनं आत्महत्या केली. अल्बम येऊन दोनच महिने झाले होते. एका रात्रीत सगळे त्या अल्बमकडे परत गेले. शीर्षकगीत आधी, 18 मे रोजी, जिमी किमेलच्या टीव्ही कार्यक्रमात नुकत्याच गेलेल्या ख्रिस कॉर्नेल या रॉक गायकासाठी गायलं गेलं होतं. आता ते चेस्टरसाठी वाजू लागलं. ते मला समजतं. पण त्याबरोबर गाण्यातल्या ओळीओळीत त्याच्या मरणाची खूण शोधणं सुरू झालं, ते मला पटत नाही. मे महिन्यात ज्यांनी रेकॉर्डवरून लोभ ओळखला, आणि जुलैमध्ये ज्यांनी त्याच रेकॉर्डवरून मृत्यू ओळखला, ते दोघंही एकच गोष्ट करत होते. ‘बॅटल सिम्फनी’ त्याच्या जाण्यानं चांगलं झालं नाही. ‘नोबडी कॅन सेव्ह मी’ पहिल्या दिवशीच सुंदर होतं. कान लावून ऐकणाऱ्याला त्यासाठी शोकाची गरज नव्हती.

चेस्टरनंतर थांबलेला बँड परतला, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये नवी गायिका एमिली आर्मस्ट्राँगला घेऊन त्यांचा ‘फ्रॉम झिरो’ हा अल्बम आला. जड गिटार परतली, ओरडणंही परतलं, आणि लगेच तक्रार आली की हे जुन्याचीच नक्कल करतायत. काहींना चेस्टरशिवाय हे नावच नको आहे. ती भावना मी खोडणार नाही, ती शोकाचीच आहे. पण त्यांनी बँड पुन्हा का उभा केला याचं उत्तर ती भावना देऊ शकत नाही, त्यामुळे मी गाण्यांपाशीच थांबतो. ‘टू फेस्ड’मध्ये एमिली घसा खरवडून ओरडते, ते अस्सल वाटतं. ‘ओव्हर ईच अदर’मध्ये ती अजिबात ओरडत नाही, आणि मला ते गाणं जास्त आवडतं.