हातचा येईपर्यंत

नऊ एक्के शेजारी शेजारी मांडा आणि त्या संख्येचा वर्ग करा. उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. एकापासून नऊपर्यंत चढायचे आणि त्याच पायऱ्यांनी उतरायचे. ‘लीलावती’तल्या स्थानांच्या यादीप्रमाणे या सतरा अंकी संख्येचा पहिला अंक ‘मध्य’ स्थानी बसतो, परार्धाच्या एकच घर अलीकडे.

१, १२१, १२३२१ अशा या कुळाला देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी ‘डेम्लो संख्या’ म्हटले. ज्या स्टेशनात त्यांना ही कल्पना सुचली, त्या डेम्लोचे, म्हणजे आजच्या डोंबिवलीचे, हे नाव.

पण हा गुण संख्येचा की आपल्या लिहिण्याचा? जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ ही उदाहरणे घेतली. उलट्या लिहिलेल्या अंकांची पट होणाऱ्या या संख्या. अशा गमतींत गणितज्ञाला भावेल असे काही नाही, त्यातून व्यापक काही निघत नाही, असे त्यांचे मत. नऊ एक्क्यांचे अवयव ३ × ३ × ३७ × ३३३६६७. ते कोणत्याही लिपीत, कोणत्याही पद्धतीत तेच राहतात. चढ-उतार मात्र दशमान पद्धतीतच दिसतो. म्हणजे हार्डींचे खरे?

मला ते अर्धेच खरे वाटते. गुणाकार मांडून पाहिला की एक्क्यांच्या नऊ ओळी एकेक घर डावीकडे सरकत जातात. उभ्या रकान्यात आधी एक एक्का, मग दोन, मधोमध नऊ, पुन्हा कमी कमी. कुठेही हातचा येत नाही, म्हणून प्रत्येक रकान्याची बेरीज उत्तरात जशीच्या तशी उघडी राहते. अंकांची बेरीज ८१ होते, नऊचा वर्ग, तीही याच कारणाने. आठाच्या पद्धतीत सात एक्के घेतले तर १२३४५६७६५४३२१ असाच डोंगर उभा राहतो. द्विमान पद्धतीत दुसऱ्याच एक्क्याला हातचा येतो आणि ११ चा वर्ग १००१ होतो. पाया कोणताही असो, त्याहून एक कमी इतके एक्के चालतात. डोंगराची उंची आपल्या दहा बोटांनी ठरवली असेल, त्याचा आकार त्यांनी ठरवलेला नाही. कापरेकरांच्या छंदाला कोडी म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी एवढे तरी पाहायला हवे होते.

दहावा एक्का जोडला की उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या रकान्यात दहा, एक हातचा; शेजारच्या नऊचे दहा, पुन्हा हातचा. चढणीवरचा आठ कुठे गेला, ते कागदावर दहा ओळी मांडून स्वतः शोधा.