हे ऋण फिटते का?

देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे आपल्या शास्त्रांत सांगितली आहेत. त्यांतले शेवटचे आपल्यासारख्या परदेशी स्थायिक झालेल्यांना जरा जास्तच जड जाते. आईवडील तिकडे, आपण इकडे. अशा वेळी इथे परक्यांची सेवा केली, तर आईवडिलांचे ऋण फिटते का?

हा प्रश्न मला माझ्या आईच्या आयुष्याने घातला. ती नर्स. मुंबईत शिकून १९६८ साली इंग्लंडला आली आणि इथल्या सरकारी रुग्णालयांत तिने अठ्ठावीस वर्षे काम केले. आम्हा मुलांना सकाळी शाळेत पोचवता यावे म्हणून बहुतेक रात्रपाळीच घेतली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून म्हाताऱ्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे, अंग पुसायचे, ज्याचे कोणी आले नाही त्याचा हात धरून बसायचे. त्याच वर्षांत रत्नागिरीला तिची स्वतःची आई अंथरुणाला खिळली होती. तिचे सगळे मामीने केले. १९७४ साली तार आली, तोवर अंत्यसंस्कारही उरकले होते.

मैत्रिणी समजूत घालत, "अगं, तू इथे इतक्या जणींच्या आयांचं करतेस, ते देवाला पोचतं."

आई म्हणे, "देवाला पोचत असेल. माझ्या आईला नाही पोचलं." आणि रात्री डबा घेऊन कामावर जाई.

मला वाटते, आईचे बोलणे आणि तिचे कामावर जाणे, दोन्ही खरे होते. एकाची सेवा दुसऱ्याच्या खात्यावर जमा होत नाही. पण म्हणून समोरच्या रुग्णाचा हक्क कमी होत नाही. पुण्यात १८९७ साली प्लेगची साथ आली, तेव्हा सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करता करता स्वतः त्या रोगाला बळी पडल्या. रोग्याचे आपल्याशी नाते काय, हे त्यांनी विचारले नव्हते.

मग राहिलेल्या ऋणाचे काय? ते आईने मामीच्या नावावर लिहिले. दर दिवाळीला साडी आणि पत्र जाई. पत्राची सुरुवात ठरलेली: "वहिनी, तुम्ही माझ्या आईचं केलंत." पुढे मामीचे डोळ्यांचे ऑपरेशन झाले, तेव्हा आई महिनाभराची रजा काढून तिच्या उशाशी बसली.

गेल्या वर्षी आई गेली. शेवटचे तीन आठवडे तिचे सारे एका केरळच्या नर्सने केले. आईने पहिल्याच दिवशी तिला विचारले, "तुझ्या आईकडे कोण असतं?" ती म्हणाली, "माझी भावजय." आईने माझ्या मुलीला जवळ बोलावून सांगितले, "हिला कधी विसरू नकोस."

ऋण फिटत नाही, असेच मला वाटते. पण ते कोणाकोणाचे आहे, हे ध्यानात ठेवता येते. या गणेशोत्सवात घरी फोन कराल, तेव्हा आपल्या आईवडिलांचे जी वहिनी, जो शेजारी किंवा ज्या बाई करतात, त्यांच्याशीही दोन शब्द बोला. त्यांच्या आईची विचारपूस करा.