आधी नट आवळ, मग गप्पा मार

गाडी चकाकते म्हणजे ती धडधाकट आहे, असा तुझा समज झाला आहे. तो आज मोडायचा आहे, म्हणून मध्ये न बोलता ऐक. परवा तुझी कॅटरहॅम स्टँडवर घेतली तेव्हा चाक धरून ठेवणाऱ्या पुढच्या विशबोनचा एक नट माझ्या नुसत्या बोटांनी फिरला. पाना लागला नाही! ब्रेक ऑइल काळं पडलेलं. टायरमध्ये हवा ३२ पीएसआय. आणि मडगार्ड मात्र कार्बन फायबरचे, नवे कोरे. या अवस्थेत तू बायकोला शेजारी बसवून वेल्सच्या डोंगरात जाऊन आलास. काही झालं नाही हे तुझं नशीब. त्यात तुझं कर्तृत्व शून्य.

ही गाडी कुठल्या घराण्यातली, ते तरी लक्षात ठेव. कॉलिन चॅपमनने १९५७ साली लोटस सेव्हन आणली. तयार गाडीवर ब्रिटनमध्ये तेव्हा खरेदी कर होता, सुट्या भागांवर तो पडत नसे. म्हणून पगारदार माणसं भाग घरी आणून स्वतः गाडी जुळवत. १९७३ साली लोटसने सेव्हन सोडली आणि ग्रॅहम नर्नच्या कॅटरहॅम कंपनीने ती उचलली. ज्याने गाडी जुळवली त्याला तिचा प्रत्येक बोल्ट ठाऊक असतो, या विश्वासावर हे सगळं चाललं आहे. तूही गॅरेजमध्ये राबून गाडी उभी केलीस. तेव्हा मी तुझी पाठ थोपटली होती. पण जुळवणं एकदाच असतं, सांभाळणं गाडी विकेपर्यंत असतं. पहिल्या काही शे मैलांत सगळे जोड बसतात, नट सैल होतात. तेव्हा एकेक नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासायचा आणि त्यावर रंगाची रेघ ओढायची. पुढे ती रेघ तुटलेली दिसली की नट हलला हे कळतं. तुझ्या गाडीवर अशी एकही रेघ नाही.

हवेचं घे. साध्या हॅचबॅकचं वजन हजार किलोच्या वर असतं, तुझ्या गाडीचं साडेपाचशेच्या आसपास. हिला १८-२० पीएसआय पुरते. ३२ भरलीस की टायरचा मधलाच पट्टा रस्त्याला टेकतो आणि ओल्या वळणावर गाडी घसरते. दोन माणसं बसली की एकूण वजनाचा पाचवा हिस्सा त्यांचाच होतो. म्हणून सस्पेन्शन लावताना चालकाच्या जागी वजन ठेवायचं असतं. ते न करता तू स्प्रिंगच्या रिंगा अंदाजाने फिरवल्यास. या गाडीला एअरबॅग नाही, एबीएस नाही, ब्रेकला बूस्टर नाही. तुझी चूक सावरून घेणारं यंत्र हिच्यात बसवलेलंच नाही. सावरायचं तूच.

टायर कुणाकडून तरी स्वस्तात घेतलेस आणि नक्षी शाबूत बघून खूश झालास. कडेवरचे चार आकडे वाचलेस? २५१४. म्हणजे २०१४ सालचा पंचविसावा आठवडा. नक्षी आहे, पण रबर कडक झालं आहे. आणि थंडीत मीठ टाकलेल्या रस्त्यावरून आलास, तर खालून पाण्याने धुतलीस का? चासी पोलादी नळ्यांची, पत्रे ॲल्युमिनियमचे. दोन धातूंच्या मध्ये खारं पाणी साचलं की रिव्हेटच्या भोवती पत्रा पोखरला जातो आणि रंग तडकला असेल तिथे नळी गंजते. वरून पॉलिश मारून हे थांबत नाही.

आता तुझ्या अप्रामाणिकपणाबद्दल. नंबर मिळण्याआधीच्या आयव्हीए तपासणीसाठी धारदार कडांवर रबरी पट्ट्या लावल्यास, बोल्टवर टोप्या घातल्यास आणि नंबर मिळताच सगळं उपटून टाकलंस. हा परीक्षेपुरता अभ्यास झाला. त्या पट्ट्या तपासनिसासाठी नव्हत्या, तुझ्या गाडीला धडकू शकणाऱ्या पादचाऱ्यासाठी होत्या. एमओटीला, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीला, पहिली तीन वर्षं कुणी बोलावत नाही. म्हणजे या तीन वर्षांत गाडीचा एकमेव तपासनीस तूच आहेस, आणि तूच कामचुकार निघालास. इंजिनाची ताकद वाढवलीस, ते विमा कंपनीला कळवलं नाहीस. उद्या कुणाला इजा झाली आणि कंपनीने हात वर केले, तर भरपाई कुठून देणार?

सगळ्यात मोठा राग याचा, की हे तू आपल्या गाडीवाल्यांच्या गटात, चार जणांच्या सोबतीत करतोस. इंजिन उचलायचा हॉइस्ट ज्याचा नेलास, त्याला महिनाभर परत दिला नाहीस. गटात नव्याने आलेल्या मुलाला छातीठोक सांगितलंस, की या गाडीला काही बघावं लागत नाही. तो तुझ्यावर विश्वास ठेवून तसाच चालवतो आहे. वेल्समधल्या हॉर्सशू पास या घाटात सगळ्यांच्या पुढे राहून तू वेग वाढवलास आणि तो बिचारा तुला गाठायला धडपडला. तिथे वळणावर मेंढ्या रस्त्यात उभ्या असतात, हे तुला ठाऊक होतं. जो पुढे असतो त्याने सगळ्यात मागच्या माणसाच्या वेगाने जायचं असतं. आपल्याकडून शिकणाऱ्याला चुकीचं शिकवणं हा मी अक्षम्य गुन्हा समजतो.

आता कामं लिहून घे. ब्रेक ऑइल बदल, आणि यापुढे दर दोन वर्षांनी बदलत जा, कारण ते हवेतला ओलावा शोषतं. इंजिन ऑइल वर्षातून एकदा, मैल कितीही कमी झाले तरी. टायर फेकून दे. आतून नायलॉनचं कडं असलेले नट एकदा काढले की पुन्हा वापरायचे नाहीत, नवे आण. रबरी पट्ट्या परत लाव. विमा कंपनीला आजच कळव. हॉइस्ट संध्याकाळपर्यंत पोचता कर. आणि त्या मुलाला स्वतः फोन करून सांग, की मी चुकीचं बोललो, तुझी गाडी आपण दोघं मिळून तपासू.

हे सगळं करून वही माझ्यासमोर ठेव, प्रत्येक नटाच्या टॉर्कचा आकडा लिहिलेली. तोवर ती गाडी रस्त्यावर काढायची नाही.