न विचारता कळण्याची सोय

टीम लीड पुण्यात, तिचा टेस्टर नांदेडला, घरून काम करणारा. स्टँडअपला त्याचा कॅमेरा बंद, बोलणं दोन वाक्यांत उरकलेलं. हल्ली मात्र माइक सुरू झाला की मागे कुणाची तरी ढास ऐकू येते आणि तो घाईघाईने म्यूट करतो. त्याला विचारावं का?

"विचार की! त्यात काय एवढं?" लीडची आत्या म्हणाली. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडायची. एसटीडी १९६० साली कानपूर-लखनौ दरम्यान सुरू झाली खरी, पण गावोगाव पोचायला कित्येक वर्षं गेली. तोवर नागपूरची ऑपरेटर आत्याला ठाऊक होती ती फक्त आवाजाने. "तोंड कधी पाहिलं नाही तिचं. पण 'हॅलो पुणे' म्हणाली की कळायचं, आज बाईंचं काहीतरी बिनसलंय."

"तुम्ही दोघी बरोबरीच्या होतात. मी त्याचं अप्रेझल लिहिते."

आत्या यावर गप्प झाली असं नाही. ती सहसा होत नाही. पण लीडने पुढे रेटलं. "हिंजवडीच्या ऑफिसात विचारावं लागायचंच नाही. कुणाचा डबा तसाच परत गेला, कुणी टपरीवर एकटाच उभा राहिला, की समजायचं. सांगायचं की नाही, हे त्याच्या हातात राहायचं. आता काहीही कळायचं तर विचारावंच लागतं. आणि वरिष्ठाने विचारल्यावर 'नाही सांगत' कोण म्हणणार?"

तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. मायक्रोसॉफ्टच्या ६१,१८२ अमेरिकी कर्मचाऱ्यांचा अभ्यास २०२१ मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेव्हिअर'मध्ये आला. घरून काम सुरू झाल्यावर माणसं आपापल्या गटात मिटत गेली, कॉल-मीटिंगमधलं बोलणं एकूण घटलं, ईमेल-चॅट वाढलं. कोण कोणाशी बोललं ते त्यात मोजलं होतं. ढास कुणाच्या कानावर पडली, हे कुठल्या तक्त्यात बसणार?

"मग आधी तुझं सांग," आत्या म्हणाली. "सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, तुझी धावपळ."

"म्हणजे त्यानेही सांगायलाच हवं, अशी गळ घालायची?"

"गळ कसली? बोलणं म्हणतात त्याला."

लीडने वेगळंच ठरवलं होतं. नऊचा स्टँडअप अकराला, सगळ्यांसाठी. कारण कुणालाच विचारायचं नाही.

"वेळ दिलीस. पण खोकतंय कोण?"

"वाटलं तर सांगेल."

"आणि नाही वाटलं तर?"

"तर नाही."

आत्याला हे पटलेलं नाही. नागपूरच्या बाईंना तिने लगेच पुढच्याच कॉलला विचारलं होतं म्हणे, आणि तेवढ्यात दोन अर्जंट कॉल खोळंबले होते.